किल्ली कोणाकडे आहे?

आई रोज रात्री नऊच्या मागेपुढे फोन करते आणि वर्षानुवर्षं तिचा प्रश्न एकच, "आज किती पोट्टे पाहिले?" आधी मी सांगायचे चाळीस, साठ, पावसाळ्यात शंभरच्या वर. हल्ली बरेचदा सांगते, "एकही नाही, आज फ्रीज पाहिला." मग दोन सेकंद फोनवर काहीच नाही, आणि मग, "फ्रीज पाहाले एवढी शिकली का माय तू?"

आता हिला काय सांगू. पण खरंच आहे ते. विदर्भातल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये, मुलांच्या, मी पेडियाट्रिक इमर्जन्सीची इनचार्ज आहे, साडेसहा वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण पुढे काही गोष्टी अशा येणार आहेत की उद्या कोणीतरी प्रिंटआऊट काढून वरच्या ऑफिसात नेऊन देईल. ऑर्डर आली तेव्हा मला वाटलं होतं की आता सगळ्यात अवघड मुलं माझ्याकडे येणार, जी नळी कोणाला जमत नाही ती मी टाकणार, जो शॉक, म्हणजे रक्ताभिसरण कोसळणं, कोणाला कळत नाही तो मी ओळखणार. मिळाली एक खोली, खोलीत एक कपाट, कपाटात बंद पडलेले सात मॉनिटर ज्यांचं कंडेम्नेशन (कागदोपत्री भंगारात काढणं) कोणी केलं नाही म्हणून ते कागदावर अजून चालू होते.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मे महिना, रात्रीचे साडेअकरा, बाहेर अजून झळा. सव्वा वर्षाचं पोर तापात झटके देत आलं. मी योगायोगानेच तिथे होते, रोस्टरवरून भांडण सोडवायला थांबले होते. जेआर वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या रेसिडेंट डॉक्टरने, एकदम बरोबर केलं, कुशीवर घेतलं, ऑक्सिजन लावला, शुगर तपासली, वजन विचारलं, डोस तोंडपाठ, "लोराझेपाम काढा सिस्टर." लोराझेपाम, झटके थांबवायचं औषध, फ्रीजमध्ये. फ्रीजला कुलूप, कारण ते हिशोब ठेवायच्या औषधात येतं. किल्ली इनचार्ज सिस्टरच्या खिशात. सिस्टर दुसऱ्या मुलाला घेऊन खाली सीटीला. मिडॅझोलाम, जे नाकात फवारलं तरी चालतं, ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्याच जुडग्यात. वॉर्डबॉय मामा धावले, लिफ्ट वर होती, जिन्याने गेले. पुस्तकात काय आहे, झटका पाच मिनिटांच्या वर गेला की औषध द्यायचं, थांबायचं नाही. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात पोर आल्यापासून अकरा मिनिटं गेली. बॅग-मास्क (हाताने श्वास द्यायचा फुगा) धरून मी उभी आणि त्या सेकंदकाट्याकडे बघतेय, आणि डोक्यात एवढंच की या खोलीतल्या सगळ्यांना सगळं येतं.

पोर वाचलं, चौथ्या दिवशी पेढा खात घरी गेलं (म्हणजे बापाने आणलेला, आमच्यासाठी, त्यानेच अर्धा खाल्ला). पण सकाळी माझ्या टेबलवर सिस्टरच्या नावाचा मेमो तयार होऊन आला होता, सहीला. तिने काय चुकीचं केलं होतं? नियमच होता की किल्ली तिच्याकडे पाहिजे आणि आजारी मुलासोबत सीटीला तीच पाहिजे. एका बाईने एका वेळी दोन ठिकाणी असावं असा आमचा लेखी नियम होता आणि तो बरीच वर्षं कोणाला खटकला नव्हता, मलासुद्धा नाही, कारण मीही त्याच वॉर्डात शिकले आणि माझ्या वेळी किल्ली नेहमी मिळाली होती. मेमोवर सही केली नाही. त्याच दिवशी वहीत पहिल्या पानावर लिहिलं, किल्ली कोणाकडे आहे? ते पान अजून आहे.

कुलूप काढायला सात महिने लागले हं. सात. मेट्रन म्हणाल्या चोरी होईल, फार्मासिस्ट म्हणाला ऑडिटला मी अडकेन, स्टोअरवाले म्हणाले असं कधी झालं नाही, आणि तिघांचंही बरोबर होतं. शेवटी उपाय निघाला तो लाईटच्या मीटरला असतं ना, प्लास्टिकचं नंबरवालं सील, ओढलं की तुटतं, तसला. ट्रॉलीला आणि इमर्जन्सीच्या छोट्या डब्याला कुलूप नाही, सील. तोडायला कोणाची परवानगी नको, फक्त तोडलेला नंबर वहीत लिहायचा आणि दुसरं लावायचं. जगभरात क्रॅश कार्टला, म्हणजे अशा इमर्जन्सी ट्रॉलीला, हेच असतं, मी काही शोध लावला नाही. पहिल्या आठवड्यात चाळीस सिलं तुटली, कारण प्रत्येकाला एकदा ओढून बघायचं होतं. इंटर्नपासून मावशीपर्यंत. मी काही बोलले नाही, म्हटलं तोडू दे, हाताला सवय होऊ दे.

तिथून मला जरा कळायला लागलं की हे काम काय आहे. रात्री तीन वाजता त्या खोलीत मी नसते. बावीस-पंचवीस वर्षांचं कोणीतरी असतं, बहुतेक वेळा उपाशी. तेव्हा ती खोलीच अशी पाहिजे की त्याला बरोबर गोष्ट करणं सोपं जाईल आणि चूक करायला कष्ट पडतील.

वजनाचंच घ्या. मुलांचं सगळं वजनावर, एमजी पर केजी. घाईत वजन होत नाही, मग अंदाज. आम्ही शिकलो तो फॉर्म्युला, वय अधिक चार गुणिले दोन, म्हणजे तीन वर्षांचं पोर चौदा किलो. मेळघाटातून आलेलं तीन वर्षांचं पोर साडेनऊ किलोचं पण असतं, चौदाचा डोस म्हणजे जवळपास दीडपट. ती अमेरिकेतली रंगीत पट्टी असते ना, ब्रोसलो टेप, मुलाच्या शेजारी आडवी ठेवायची, उंचीवरून वजन आणि डोस सांगते, फार हुशार वस्तू आहे, पण ती तिकडच्या मुलांच्या मापाने बनलेली, आपल्या किडकिडीत मुलांना ती जास्त वजन सांगू शकते. म्हणून मी काय केलं, तर दारातच वजनकाटा ठेवला, मोठा, जमिनीवरचा, आईने पोराला घेऊन उभं राहायचं, मग पोर मावशीकडे देऊन पुन्हा उभं राहायचं, वजाबाकी. हॉस्पिटलमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारी वस्तू, कारण पहिले सहा महिने तो काटा रोज कोणीतरी ओपीडीत उचलून न्यायचं. आता त्याला साखळी आहे. हो, कुलपं काढणारी मी, काट्याला मीच कुलूप लावलं, हसा.

आणि दशांश चिन्ह. एवढासा ठिपका. आपल्याकडे अॅड्रेनालिनचा अँप्युल एक मिलीमध्ये एक मिलिग्रॅमचा येतो, तो मुलासाठी दहापट पातळ करायचा आणि मग 0.1 मिली पर किलो. पातळ करायचं विसरलं की दहापट गेलं. हृदय बंद पडलेलं पोर समोर, चार जण ओरडतायत, आणि त्यात कोणीतरी भागाकार करतंय. आम्ही तो भागाकार बंद केला. भिंतीवर एक मोठा तक्ता, तीन किलोपासून तीस किलोपर्यंत, प्रत्येक वजनासमोर थेट मिली लिहिलेले, पातळ केलेल्या औषधाचे. एका एसआरला, म्हणजे सीनियर रेसिडेंटला, ते आवडलं नाही, म्हणाला मॅडम असं केलं तर पोरं डोस पाठ करणार नाहीत. म्हटलं नको करू दे रे बाबा.

गंमत अशी की सगळं किलोवर असताना सापाचं औषध मात्र किलोवर नाही. सापाने पोराला चावताना वजन विचारलं नव्हतं, विष तेवढंच सोडलंय, म्हणून अँटीव्हेनम मोठ्या माणसाला जेवढं तेवढंच पोरालाही. हे दर पावसाळ्यात नव्या बॅचला सांगावं लागतं, कारण पाच किलोच्या बाळाला दहा व्हायल लिहिताना हात थरथरतो, मग कोणीतरी "आधी तीन देऊन बघू" करतं. आमच्याकडे मण्यार फार. पोरं जमिनीवर झोपतात, मण्यार रात्री अंथरुणात येते, चावल्याचं धड कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोर उठतं आणि म्हणतं पोट दुखते. आई ओवा देते. मग पापण्या खाली येतात आणि आईला वाटतं झोप येते आहे. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेलं, पहाटे पोटदुखी, पापण्या जड, हे चार शब्द आमच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावलेत, कारण निम्मी गर्दी छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून येते.

दारावरचं आठवलं म्हणून, केसपेपर. ही माझी सगळ्यात मोठी लढाई होती आणि अर्धीच जिंकलेली आहे. तुम्ही कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात जा, पहिलं वाक्य काय ऐकू येतं, "केसपेपर काढून या." खिडकीपुढे तीस माणसं, त्यात एक बाई, कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं पोर, आणि ती शांत उभी आहे कारण पोर शांत आहे. रडणाऱ्या पोराला सगळे पुढे सोडतात. शांत पोराला कोणी सोडत नाही. आणि खरं गंभीर असतं ते शांतच असतं, रडायला पण ताकद लागते. डब्ल्यूएचओची जी ईटॅट पद्धत आहे, आल्याबरोबर मुलांना तीन ढिगात वाटायची, इमर्जन्सी, प्रायॉरिटी आणि थांबू शकतील असे, ती याचसाठी आहे, की रांगेत मुलं मरतात आणि हॉस्पिटलात येऊन मरतात, पहिल्या चोवीस तासात.

मी नर्स मागितली दारावर. मिळाली नाही, पोस्टच मंजूर नाही. मग जो तिथे ऑलरेडी उभा होता त्याला शिकवलं, म्हणजे सिक्युरिटीवाला भाऊ. कंत्राटी, आठवी पास, चंद्रपूरकडचा. तीन गोष्टी. पोर हाक मारल्यावर बघतं का. छाती आत ओढली जाते का, श्वासाचा आवाज येतो का. रंग कसा आहे, हातपाय गार आहेत का. इमर्जन्सीवाले ज्याला असेसमेंट ट्रँगल म्हणतात तेच हे, दिसणं, श्वास, कातडीचा रंग, मशीन लागत नाही, लांबून तीस सेकंदात होतं. भाऊला अधिकार दिला की यातलं एक जरी दिसलं तर केसपेपर गेला खड्ड्यात, पोर उचल आणि आत आण, चुकला तर जबाबदारी माझी. पहिल्या दिवशी त्याने अकरा पोरं आत आणली, नऊ झोपलेली होती. जेआर वैतागले. मी म्हटलं आणू दे. महिन्याभरात त्याचा हात बसला, आणि एका दुपारी त्याने रांगेतून एक सात वर्षांचा मुलगा आणला, चालत आलेला, बापाचा हात धरून, डेंग्यू, ताप आदल्या दिवशी उतरलेला म्हणून घरचे खूश होते. डेंग्यूत तोच धोक्याचा काळ असतो, ताप उतरतो आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. बीपी मोजलं तर नाडीचा दाब, म्हणजे वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर, जवळपास मिटत आलेला. भाऊला विचारलं तुला काय दिसलं, तर म्हणे, "मॅडम, पोट्ट्याचा हात धरला त बर्फावानी होता जी, अन् उनात उभा होता."

त्या भाऊचं कंत्राट दर अकरा महिन्यांनी संपतं. दर अकरा महिन्यांनी मी पत्र लिहिते. डिव्हिजन हेड म्हणून माझ्या सगळ्यात महत्त्वाच्या कागदांपैकी ते एक आहे आणि त्याची कुठल्या प्रमोशनच्या फॉर्मात जागा नाही.

विंचवाबद्दल लिहिल्याशिवाय हा ब्लॉग पुरा होणार नाही, कारण यात माझा फार जीव आहे. लाल विंचू. पोर घामाने निथळत येतं, हातपाय गार, उलट्या, लाळ, नाडी पळतेय, आणि थोड्या वेळात फुफ्फुसात पाणी. यावर महाडला बसून एका डॉक्टरने, हिंमतराव बावस्करांनी, काम केलं, कुठलं मोठं हॉस्पिटल नाही, लॅब नाही, कोकणातल्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून, आणि प्राझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी वापरली, आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. 2022 ला पद्मश्री मिळाली त्यांना. तीस मायक्रोग्रॅम पर किलो, पोराला झोपवूनच द्यायची कारण पहिल्या डोसला बीपी एकदम पडू शकतं, उठून बसू द्यायचं नाही. एवढंच. मी शिकत असताना आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, की हे आपल्याकडे झालं, आपल्या माणसाने केलं.

तर ही गोळी माझ्या इमर्जन्सीत नव्हती. का? कारण इंडेंट (स्टोअरकडे औषधाची मागणी) पाठवला की क्लार्क परत पाठवायचा, शेरा मारून, "बालरोग विभागास रक्तदाबाची गोळी कशासाठी?" तीनदा परत आला. चौथ्यांदा मी स्वतः खाली गेले, त्याच्या टेबलसमोर बसले, आणि त्याला विंचू चावल्यावर काय होतं ते पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता, मग म्हणाला, मॅडम माझ्या बहिणीचं पोर असंच गेलं होतं, वाशिमला, लहानपणी, आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. मग आम्ही दोघं काही वेळ काहीच बोललो नाही. तेव्हापासून इंडेंट कधी परत आला नाही, उलट तो दर मार्चला फोन करून आठवण देतो की उन्हाळा येतोय, गोळ्या वाढवून मागा.

(यावरून कोणाला वाटेल की सगळं असं भावनेवर चालतं. नाही चालत. सक्शन मशीनसाठी मी दोन वर्षं असेच टेबलासमोर बसतेय, तिकडे कोणाच्या बहिणीचं पोर गेलेलं नाही बहुतेक.)

टीचिंग हॉस्पिटल असल्यामुळे शिकवणं हा वेगळा विषय. त्यातलं सगळ्यात कठीण म्हणजे आपणच शिकवलेलं मागे घेणं. मी पीजी असताना शॉक म्हटलं की सलाईन धडाधड, वीस मिली पर किलो, पुन्हा वीस, पुन्हा वीस, यालाच आम्ही मर्दानी ट्रीटमेंट समजायचो, आणि मीही पुढे दहा बॅचला तेच शिकवलं. मग 2011 मध्ये फीस्ट ट्रायल आली, युगांडा, केनिया, टांझानियातली 3141 मुलं, आणि त्यात ज्यांना बोलस (शिरेतून भराभर दिलेलं पाणी) दिला त्यांच्यात 48 तासातले मृत्यू जवळपास 10.5 टक्के आणि ज्यांना नाही दिला त्यांच्यात 7.3. म्हणजे देऊन जास्त मेली. मला आठवतं मी तो पेपर वाचून दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. आता त्यालाही हजार फाटे आहेत, तिथे व्हेंटिलेटर नव्हते, मलेरिया आणि अॅनिमिया खूप होता, जुलाबाने कोरडी पडलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती, त्यामुळे "बोलस बंद" असा त्याचा अर्थ नाही. पण निदान प्रत्येक बोलसनंतर थांबायचं, लिव्हर खाली आलं का हात लावून बघायचं, छातीत बुडबुडे येतात का ऐकायचं, मग पुढचा. आजही आमच्या काही सीनियरना हे पटत नाही. मीटिंगमध्ये मी उभं राहून सांगितलं की मी जे शिकवायचे ते चूक होतं, तर मागून एकाने हळूच म्हटलं, मग आमच्या परीक्षेत का कापले मार्क. बरोबर आहे त्याचं.

मॉक ड्रिल आम्ही आठवड्यातून दोनदा करतो, सकाळी साडेसातला, हँडओव्हरच्या आधी. खरा मॅनिकिन (सरावाचा पुतळा) फार महाग, शिवाय आमचा जो होता त्याच्या छातीची स्प्रिंग गेली. मावशींपैकी एकीने जुन्या चादरीची बाहुली शिवून दिली, आत वाळूच्या पुरचुंड्या, वजन बरोबर दहा किलो. तिचं नाव पिंकी. पिंकीला आतापर्यंत किती वेळा झटके आले, किती वेळा शेंगदाणा अडकला, मोजदाद नाही. नियम एकच, ड्रिलमध्ये लीडर हात लावणार नाही, पायाशी उभा राहणार, हात मागे, आणि फक्त बोलणार. नव्या पोरांना हे जमतच नाही, हात आपोआप पुढे जातात. मला कुठे जमत होतं. अजूनही शिरा सापडत नसेल तर माझी बोटं शिवशिवतात. दोन वर्षांपूर्वी न राहवून मी मध्ये घुसले, सुई घेतली, मला पण सापडली नाही, आणि तेवढ्या वेळात मॉनिटरकडे बघणारं कोणी उरलं नाही. जेआरने माझ्या हातातून सुई काढून घेतली नाही, हिंमत झाली नसेल, पण तिने आयओ नीडल काढून तयार धरली आणि म्हणाली, "मॅडम, दीड मिनिट झालं." हाडात सुई टाकली, तीस सेकंदात काम झालं. तिला मी नंतर कॅन्टीनला नेलं, सावजी खाऊ घातलं.

रोस्टरबद्दल थोडक्यात, कारण बीपी वाढतं. 1992 च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये लिहिलंय की सलग ड्युटी साधारण बारा तासांच्या वर नको आणि आठवड्याला 48 तास. मी ते पान लॅमिनेट करून खोलीत लावलंय. इमर्जन्सीपुरतं मी बाराचं बाराच ठेवलं, वॉर्डात अजून छत्तीस चालतं आणि वॉर्डवाले मला म्हणतात तू पोरांना लाडावतेस.

मरणाबद्दल. आमच्याकडे मुलं मरतात, लपवण्यासारखं नाही. इथे मला वाटतं माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. एकदा एका जेआरने बाहेर जाऊन बापाला सांगितलं, "हम रिव्हाइव्ह नहीं कर पाए, वी आर सॉरी," आणि बापाने विचारलं, मग घरी कधी न्यायचं. दुसऱ्याने मराठीत सांगितलं, "बाळ गेलं," तर आजी म्हणाली कुठे, कोणत्या वॉर्डात. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं आहे की पहिल्या दोन वाक्यात "वारलं" हा शब्द आला पाहिजे, हिंदीत "मर गया" म्हणायला जड जातं तरी म्हणायचं, बसून म्हणायचं, उभ्याने नाही, खुर्ची नसेल तर जमिनीवर बसा, आईबाप बसलेच असतात जमिनीवर. मेळघाटची माणसं असली तर धारणीकडची एक सिस्टर आहे, तिला कोरकू येतं, तिला झोपेतून उठवलं तरी ती येते.

आणि सीपीआर चालू असताना आईबापाला बाहेर काढणं बंद केलं. यावर फार विरोध झाला, मारामारी होईल, व्हिडिओ काढतील, केस होईल. भिंतीवर 2010 च्या कायद्याचा बोर्ड आहे, डॉक्टरवर हल्ला म्हणजे अजामीनपात्र गुन्हा वगैरे, तो कोणी वाचत नाही, ज्याला मारायचं तो वाचून मारत नाही. माझा अनुभव उलटा आहे. बंद दाराआड काय चाललंय हे न कळणारा माणूस दार फोडतो. आत उभा असलेला माणूस बघतो की पाच जण घामाघूम होऊन त्याच्या पोराच्या छातीवर आहेत. एक जण फक्त त्यांच्याजवळ उभा राहतो, सांगत राहतो, आता हे करतोय, आता ते. एक बाप आठवतो, शेवटी मी थांबूया म्हटलं तर तोच पुढे आला आणि जो इंटर्न दाब देत होता त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "राहू दे बेटा, थकला तू."

तो इंटर्न आता रेडिओलॉजी करतोय. मी काही म्हटलं नाही त्याला.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यातल्या परासियाकडची मुलं किडनी फेल होऊन नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये येत होती आणि नंतर खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं, ते तुम्ही पेपरात वाचलंच. मुंबईत 1986 मध्ये ग्लिसरीनमध्ये हेच निघालं होतं, 14 पेशंट गेले होते, जस्टिस लेंटिन यांचा आयोग बसला होता, म्हणजे हे विष आपल्या ओळखीचं आहे, दरवेळी नव्याने भेटतं. परासियानंतर आमच्या इमर्जन्सीच्या शीटवर एक रकाना वाढला, "आधी कोणतं औषध, बाटली कुठे आहे?" बाटली घरी असेल तर शेजाऱ्याला फोन करून फोटो मागवायचा. एक रकाना वाढवायला तीन कमिट्या लागतात बरं का. यावेळी एकच लागली, सगळे घाबरलेले होते.

मुलांच्या इमर्जन्सीची वेगळी शाखा म्हणून अमेरिकेत 1992 मध्ये पहिली परीक्षा झाली, आपल्याकडे मोठ्यांच्या इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला 2009 मध्ये मान्यता आली, आणि मुलांची इमर्जन्सी कोणाची, बालरोगवाल्यांची की इमर्जन्सीवाल्यांची, यावर दोन्हीकडचे कॉन्फरन्समध्ये चहा घेत भांडतात. मी पण भांडते, चहा फुकट असतो.

परवा सकाळी आले तर रात्रीचा जेआर वन, नवीन बॅचचा, लातूरकडचा मुलगा, तोंड धुवून आला होता, डोळे लाल. हँडओव्हरमध्ये सांगितलं, पावणेतीनला दोन वर्षांची मुलगी झटक्यात, आल्यापासून दुसऱ्या मिनिटाला नाकात मिडॅझोलाम, थांबले, शुगर नॉर्मल, आता पीआयसीयूत (मुलांच्या आयसीयूत), जागी आहे, दूध मागतेय. असं वाचून दाखवतात ना शाळेत, तसं सांगत होता. सिस्टर कुठे होती विचारलं, तर म्हणाला सिस्टर दुसऱ्या पेशंटसोबत सीटीला गेल्या होत्या. माझ्या पोटात आपोआप गोळा आला, इतक्या वर्षांनी, आणि तोंडातून निघालं, "मग किल्ली?"

तो बघतच राहिला माझ्याकडे. "कोणती किल्ली मॅडम?"

त्याला चहा प्यायला पाठवलं. मग फ्रीजच्या तापमानाची वही उघडली, तर सकाळी सहाची नोंद केलेलीच नव्हती.